निदानाच्या दिवशीचा कागद

माननीय अध्यक्ष,
अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशन,
शॉमबर्ग, इलिनॉय, यांस



आपल्या संस्थेचे मुख्य कार्यालय ज्या शॉमबर्ग गावी आहे त्याच्या आसपासच्या उपनगरांत आज मराठी कुटुंबे पुष्कळ नांदतात. आणि तेथून मोटारीने अडीच-तीन तासांच्या अंतरावर, इलिनॉय नदीकाठच्या पिओरिया शहरात, कॅटरपिलर कंपनीच्या नोकरीच्या निमित्ताने येऊन स्थायिक झालेल्या मराठी अभियंत्यांपैकी मी एक आहे. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कचेरीकडे टपालाने रवाना केली आहे. हा मराठी मजकूर जाहीर रीतीने प्रसिद्ध करण्याचे कारण असे, की ज्या निर्णयांविषयी मला लिहावयाचे आहे ते आमच्या घरांत मराठीतच होतात. डॉक्टर खोलीबाहेर गेले आणि दार लागले, की नवरा-बायको, मुले आणि क्वचित भारतातून आलेली वडीलधारी माणसे ज्या भाषेत 'आता काय करायचे?' असे एकमेकांना विचारतात, त्या भाषेतही हा विषय एकदा मोकळेपणाने मांडला जावा, अशी माझी इच्छा आहे.

गाऱ्हाणे सांगण्यापूर्वी ऋणाचा उच्चार करणे उचित होय. १८६३ साली, यादवी युद्धाच्या धामधुमीत स्थापन झालेल्या आपल्या संस्थेने घोडा आणि गाय यांच्या वैद्यकापासून प्रारंभ करून १९५१ साली विकृतिशास्त्र व सार्वजनिक आरोग्य या शाखांना विशेषज्ञतेची मान्यता दिली. १९६५ साली शस्त्रवैद्यांची परिषद उभी राहिली, १९७२ साली अंतर्गत रोगांच्या चिकित्सकांची. आणि आज अशा २२ मान्यताप्राप्त संस्थांच्या आश्रयाने हृदय, मेंदू, नेत्र, त्वचा, कर्करोग अशा एकेका विषयाला आयुष्य वाहिलेले पशुवैद्य या देशात काम करीत आहेत. चार वर्षांचे पदवीशिक्षण, त्यावर एका वर्षाची उमेदवारी, त्यावर बहुधा तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण आणि शेवटी कठोर परीक्षा, एवढे सारे पार पाडल्यावर ज्याच्या नावापुढे तज्ज्ञ हे बिरुद लागते, त्याच्या ज्ञानाविषयी माझ्या मनात आदराखेरीज दुसरी भावना नाही. बोस्टन येथे १९१५ साली जॉर्ज एंजेल यांच्या स्मरणार्थ उघडलेले प्राण्यांचे रुग्णालय शतकानंतरही चालू आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे १९८७ साली मांजरावर मूत्रपिंडारोपण झाले. आणि कुत्र्याच्या छातीत पेसमेकर बसविणे किंवा त्याच्या मेंदूतील गाठीवर किरणोपचार करणे ही आता मोठ्या रुग्णालयांतील नित्याची कामे झाली आहेत. ज्या मुंबईत १८८६ साली परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले त्या मुंबईहून आलेल्या मनुष्याला या परंपरेचे मोल कळत नाही, असे आपण मानू नये.

माझे म्हणणे एवढेच आहे, की या ज्ञानाच्या दारापर्यंत रोगी प्राणी फार वेळा उशिरा पोहोचतो. आणि हा उशीर अंतरामुळे किंवा दारिद्र्यामुळे जितका होतो, तितकाच तो वेळेवर कोणी काही न सांगितल्यामुळे होतो.

या उशिराचे एक उदाहरण आमच्याकडे सर्वश्रुत आहे. मुंबईचे उद्योगपती रतन टाटा यांनी आपल्या एका कुत्र्याला सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात आणले होते. साधनांची वाण नव्हती, इच्छेची तर मुळीच नव्हती. तरी वेळ निघून गेली होती, आणि सांधा बदलण्याऐवजी तो एका स्थितीत जखडून टाकण्यावर समाधान मानावे लागले, ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. त्या अनुभवातून स्फूर्ती घेऊन त्यांनी मुंबईत महालक्ष्मी येथे सुमारे १६५ कोटी रुपये खर्चाचे, पाच मजल्यांचे लहान प्राण्यांचे रुग्णालय उभे करविले. ते २०२४ साली उघडले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांचे निधन झाले. समुद्र ओलांडून येणाऱ्या धनाढ्यालाही जेथे उशीर होतो, तेथे नव्वद मैलांवरून येणाऱ्या पगारदाराला तो का होतो, याचा विचार आपण करावा, म्हणून आमच्या घरची गोष्ट थोडक्यात निवेदन करतो.

आमच्याकडे ठमी नावाची एक कॅव्हेलियर जातीची कुत्री आहे. लांब कानांची ही लहानखुरी जात हृदयातील डाव्या बाजूच्या झडपेच्या विकाराला विशेष बळी पडते, हे आपणांस मी सांगणे म्हणजे पाटलाला गावाची शीव दाखविण्यासारखे आहे. तिच्या वार्षिक तपासणीत गावातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, क्षणभर ऐकले, हृदयात थोडी मर्मर आहे असे सांगितले आणि 'लक्ष ठेवू' असे म्हणून, लस टोचून, आम्हांला निरोप दिला. त्यांच्या नोंदीत सहापैकी तिसऱ्या श्रेणीची मर्मर असे लिहिलेले होते. परंतु ती नोंद आमच्या हाती फार पुढे आली. हृदयरोगाचे स्वतंत्र पशुवैद्य असतात, ध्वनिलहरींनी हृदयाचे मोजमाप करता येते, हे त्या दिवशी कोणी बोलले नाही, आणि अशी काही विद्या अस्तित्वात असेल याची कल्पनाच नसल्यामुळे आम्हीही विचारले नाही.

आता या मौनाची किंमत काय असते, ते आपल्याच व्यवसायातील संशोधनाने दाखवून दिलेले आहे. अकरा देशांतील ३६ केंद्रांत, ३६० कुत्र्यांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एपिक या अभ्यासाने सिद्ध केले, की याच झडपेच्या विकारात हृदय वाढलेले आहे पण बाह्य लक्षण एकही नाही, अशा टप्प्यावर पिमोबेंडन हे औषध सुरू केले तर हृदय निकामी होण्याची घटका सरासरीने सुमारे १५ महिन्यांनी लांबते. कुत्र्याच्या आयुष्यात १५ महिने म्हणजे काय, याचा हिशेब करण्यास गणिती लागत नाही. मात्र हा लाभ लक्षणांपूर्वी जो येतो त्यालाच मिळतो. खोकला सुरू झाला, श्वास लागला, की तो टप्पा मागे पडलेला असतो.

ठमीचा टप्पा असाच मागे पडला. पुढच्या हिवाळ्यात एका रात्री तिची बरगडी भात्यासारखी हलू लागली, आणि आम्ही तिला घेऊन रात्रपाळीच्या रुग्णालयात धावलो. काचेच्या दाराआड तिला तत्परतेने आत नेण्यात आले, प्राणवायूच्या पेटीत ठेवण्यात आले, आणि काही वेळाने आमच्यापुढे दोन कागद आले. पहिल्या कागदावर खर्चाचा अंदाज होता. कलमवार तपशील, प्रत्येक कलमापुढे कमीत कमी व जास्तीत जास्त असे दोन रकाने, खाली दोन्हींच्या बेरजा, आणि त्यांपैकी कमी रकमेचा भरणा तत्काळ करावा लागेल अशी सूचना. दुसऱ्या कागदावर हृदयक्रिया बंद पडल्यास पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करावा किंवा करू नये, आणि करावा तर कोणत्या थरापर्यंत, यांपैकी एका चौकोनात खूण करावयाची होती. हे कागद अन्यायाचे होते असे मी म्हणत नाही. उलट, तेथील मंडळी सौजन्याने वागली आणि कागद स्वच्छ व खरे होते. प्रश्न असा, की एवढा स्पष्ट, एवढा तपशीलवार कागद आमच्या हाती प्रथम पडावा तो मध्यरात्री, प्राण कंठाशी आलेला असताना, जेव्हा तो वाचण्याची शुद्धच कोणाला नसते. ज्या दुपारी ठमी शेपूट हालवीत तपासणीच्या मेजावर बसली होती आणि आम्हांपाशी विचाराला वेळच वेळ होता, त्या दुपारी मात्र कागदावर लशीच्या पावतीखेरीज काही नव्हते.

त्यानंतर आम्ही अर्बाना येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात गेलो. मक्याच्या कापून ओस पडलेल्या शेतांमधून ब्लूमिंग्टनवरून जाणारा तो नव्वद मैलांचा रस्ता काही दुर्गम नाही. तेथील हृदयचिकित्सेचे मेज मी प्रथमच पाहिले. त्याच्या गादीत एक चंद्राकृती खाच कापलेली असते; प्राण्याला उजव्या कुशीवर असे निजवितात की त्याची छाती नेमकी त्या खाचेवर यावी, आणि मग डॉक्टर खालून हात घालून यंत्राची कांडी तिला लावतात, तसे निजल्याने हृदय झुकून छातीच्या भिंतीशी येते आणि पडद्यावर त्याचे कप्पे उघडझाप करताना दिसतात. डाव्या कर्णिकेची रुंदी महारोहिणीच्या रुंदीशी ताडून पाहिली गेली, आणि एका तरुण विद्यार्थिनीने आम्हांला एक साधी गोष्ट शिकविली: कुत्री गाढ झोपलेली असताना तिचे श्वास एक मिनिट मोजावेत आणि ते तिसाच्या वर जाऊ लागले तर फोन करावा. या सूचनेला कवडीचा खर्च नाही. मर्मर प्रथम ऐकू आली त्या दिवशी ती मिळाली असती, तर मध्यरात्रीची ती धाव कदाचित दिवसाउजेडी आणि पुष्कळ आधी घडली असती. ठमी आज औषधांवर आहे आणि तिच्या श्वासांची वही आमच्या सूनबाई ठेवतात.

आमच्या गावच्या डॉक्टरांविरुद्ध फिर्याद करण्याचा माझा हेतू नाही. आपल्या संस्थेची नीतितत्त्वे मी काळजीपूर्वक वाचली आहेत. प्रसंगानुसार तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा किंवा रोगी पुढे पाठवावा, असे उत्तेजन त्यांत वैद्याला दिलेले आहे, आणि मालकाने तज्ज्ञाकडे पाठविण्याची मागणी केल्यास तिचा मान राखावा, असेही सांगितलेले आहे. म्हणजे मागणी करण्याचा भार ज्याला काही ठाऊक नाही त्याच्या शिरावर, आणि ज्याला सर्व ठाऊक आहे त्याच्याकडे केवळ ती मान्य करण्याचे काम. नियमाप्रमाणे त्या सद्गृहस्थांनी काहीच चुकविले नाही. सबब हे पत्र त्यांना न लिहिता आपणांस लिहीत आहे.

हे मौन दुष्टपणाचे नाही, संकोचाचे आहे, हे मी जाणतो. महागड्या तपासणीचे नाव काढले तर हा आपल्याला लुबाडतो आहे असे गिऱ्हाइकाला वाटेल, अशी भीती वैद्याला असते. समोरच्याच्या खिशाचा अंदाज तो मनातल्या मनात बांधतो आणि त्याला न परवडणारी गोष्ट आपण होऊन गाळतो. इकडे मालकही भाव विचारण्यास लाजतो, कारण जिवाची किंमत विचारणे त्याला क्षुद्रपणाचे वाटते. दोन सभ्य माणसांच्या या परस्पर भिडेत तिसरा, मुका जीव, आपला काळ गमावून बसतो.

द्रव्याची बाजू तर विलंबाने अधिकच बिकट होते. या देशात प्राण्याच्या विम्याची पहिली सनद १९८२ साली दूरचित्रवाणीवरील लॅसी या प्रसिद्ध कुत्रीच्या नावे निघाली, आणि आज अशा कंपन्या अनेक आहेत. परंतु पूर्वी जडलेला आजार त्या भरून देत नाहीत, त्यामुळे मर्मरेची नोंद एकदा झाली की त्या हृदयापुरते विम्याचे दार बंद. प्राप्तिकराच्या हिशेबात हा वैद्यकीय खर्च धरला जात नाही. शिवाय दवाखान्यांची मालकीही झपाट्याने बदलली आहे. चॉकलेटे बनविणाऱ्या मार्स कंपनीने २००७ साली बॅनफिल्ड, २०१५ साली ब्लूपर्ल ही तज्ज्ञ-रुग्णालयांची साखळी आणि २०१७ साली सुमारे ९१० कोटी डॉलरांना व्हीसीए विकत घेतली. दुसऱ्या एका मोठ्या खरेदीदाराला २०२२ साली संघ सरकारच्या व्यापार आयोगाने काही दवाखाने विकून टाकण्यास भाग पाडले. मालकी एकाची असणे हा स्वतःहून दोष नव्हे. पण धाडणारा दवाखाना आणि ज्याच्याकडे धाडले ते रुग्णालय एकाच धन्याचे असेल, तर ते मालकाला माहीत असावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. कायद्याकडून आधाराची आशा थोडीच. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली, चुकून ठार केलेल्या एका कुत्र्याच्या दाव्यात, कुत्रा ही मालमत्ता असून त्यावरील मायेची भरपाई मागता येत नाही, असा निर्णय दिला. कायदा ज्याला मिळकत म्हणतो त्याला रोगी म्हणून पाहणारी एकच सत्ता उरते, ती आपल्या व्यवसायाच्या नीतीची.

व्यवसाय जेथे गप्प बसतो तेथे बाजार बोलू लागतो, याचा धडा मांजरांच्या एफआयपी या रोगाने सर्वांना दिला आहे. करोना जातीच्या विषाणूपासून होणारा आणि एकदा प्रकटला की बहुधा काही आठवड्यांत प्राण घेणारा हा रोग दीर्घकाळ वैद्यकाला असाध्यच होता. डेव्हिस येथील नील्स पेडरसन यांनी त्यावर आयुष्य वेचले, आणि २०१९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले, की जीएस-४४१५२४ या द्रव्याचा किमान बारा आठवड्यांचा उपचार योजलेल्या ३१ मांजरांपैकी २५ दीर्घकाळ जगली. परंतु औषधाला परवाना नव्हता. तेव्हा हजारो माणसांनी ते समाजमाध्यमांतल्या अनोळखी व्यक्तींच्या सांगण्यावरून चीनमधून आलेल्या, नाव-गाव नसलेल्या कुप्यांतून विकत घेतले आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात आपल्या मांजराला रोज टोचले. वैद्य मात्र, इलाज आहे हे ठाऊक असून, तो लिहून देऊ शकत नव्हता. २०२४ च्या मे महिन्यात अन्न व औषध प्रशासनाने, वैद्याच्या चिठ्ठीवरून औषधशाळेने ते तयार करून दिल्यास हरकत घेणार नाही असे जाहीर केले, आणि जूनपासून ते राजरोस मिळू लागले. मधल्या वर्षांत जो विश्वास वैद्याच्या दारातून उठून अनोळखी विक्रेत्याकडे गेला, तो परत आणण्याचा उपाय सांगणे हाच आहे. ज्या मांजराच्या पोटात पाणी आढळले त्याच्या मालकाला त्याच दिवशी, हा रोग आज साध्य आहे, असे शब्द ऐकू आले पाहिजेत.

येथे एका आक्षेपाचा परामर्श घेणे प्राप्त आहे, कारण तो आमच्याच घरात घेतला गेला. आमच्या सासूबाई वाईहून आल्या होत्या. ठमीच्या तपासणीचा आकडा त्यांच्या कानी गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे माणसाच्या हृदयाचा फोटो काढायला पुण्याला जावं लागतं, आणि तुम्ही कुत्रीसाठी एवढे डॉलर मोजता? देवाला तरी बरं दिसेल का हे?" या प्रश्नाला चटकन उत्तर देणारा मनुष्य एक तर कठोर असला पाहिजे किंवा उथळ. ज्या समाजात पोळ्याला बैलाची पूजा होते, त्या समाजातही दुष्काळात त्याच बैलाला बाजार दाखवावा लागतो, हे सासूबाईंनी पाहिलेले आहे, आणि खर्चाला मर्यादा असावी हे त्यांचे म्हणणे मला सर्वस्वी मान्य आहे. परंतु मर्यादा घालण्याचा अधिकार तरी कोणाला बजावता येतो? ज्याला पर्याय माहीत आहेत त्याला. ज्याच्यापुढे मध्यरात्री एकच मार्ग ठेवला जातो तो भयाने किंवा लाजेने सही करतो, आणि पुष्कळदा ऐपतीबाहेर करतो. वेळेवर मिळालेले ज्ञान खर्च वाढवीलच असे नाही. कित्येकांना ते शांतपणे 'नको' म्हणण्याचे बळ देईल.

अखेरच्या निर्णयासही हेच लागू आहे. असाध्य अवस्थेत सुई देऊन मरण देणे हा या देशात दयेचा सर्वमान्य मार्ग आहे, आणि आपले सदस्य तो अत्यंत कोमलतेने आचरितात, हे मी पाहिले आहे. पण आमच्या अनेक घरांत वडील मंडळींना तो पापासारखा वाटतो, आणि मरणाऱ्या जनावराला पाणी पाजीत बसणे हाच त्यांना धर्म वाटतो. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात गांधीजींनी, इलाज उरला नाही असे वैद्यांकडून कळल्यानंतर, तळमळणाऱ्या वासराला सुईने मरण देवविले, तेव्हा त्यांच्यावर टीकेचे मोहोळ उठले होते. तो वाद आमच्या मनांत अजून मिटलेला नाही. तेव्हा वेदनाशमन करीत घरी सांभाळणे हाही वैद्यकाने मान्य केलेला एक मार्ग आहे, आणि त्याच्या मर्यादा काय आहेत, हे आम्हांला अगोदर समजले पाहिजे.

आता प्रत्यक्ष विनंती. परवाने देणे-काढणे हे राज्यांच्या मंडळांचे काम असून ते आपल्या अखत्यारीत नाही, हे मी जाणतो. परंतु नीतितत्त्वे आपली आहेत, महाविद्यालयांना मान्यता देणारी शिक्षणपरिषद आपली आहे आणि तज्ज्ञांच्या संस्थांना मान्यता देणारे मंडळही आपलेच आहे. म्हणून माझा अर्ज असा, की नीतितत्त्वांतील रोगी पुढे पाठविण्याविषयीच्या कलमात दुरुस्ती होऊन, गंभीर किंवा वाढत जाणाऱ्या आजाराचे निदान झाले अथवा तसा सबळ संशय आला, त्याच दिवशी मालकाच्या हाती एका पानाचा कागद देणे हे वैद्याचे कर्तव्य ठरावे. त्या कागदात संशयित आजाराचे नाव असावे. पूर्ण, मध्यम आणि केवळ वेदनाशमनाचा, असे मार्ग, प्रत्येकाच्या खर्चाचा ढोबळ अंदाज व अपेक्षित फळ असावे. जवळच्या विद्यापीठीय रुग्णालयासह तज्ज्ञांची ठिकाणे असावीत, आणि त्यांपैकी एखाद्याशी दवाखान्याचे मालकीचे नाते असल्यास त्याचा उल्लेख असावा. आणि घरी कोणते लक्षण मोजावे व कोणत्या आकड्याला धावत यावे, हे शेवटच्या ओळीत असावे. जेथे तज्ज्ञ शेकडो मैल दूर आहे तेथे गावच्या वैद्याने त्याचा सल्ला दूरध्वनीने किंवा पडद्यावरून घेण्यास आपल्या धोरणाची आजही आडकाठी नाही. ही सोय आहे हेही त्या कागदाने मालकाला कळवावे.

यावर कामाचा बोजा वाढेल, असे आपले सदस्य म्हणतील. दिवसाला वीस रोगी तपासून, शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या तरुण वैद्याचा तो उद्गार मी हलका लेखीत नाही. परंतु हा मजकूर प्रत्येकाने नव्याने रचावयाचा नाही. नित्य आढळणाऱ्या आजारांचे नमुने आपल्या संस्थेने तज्ज्ञांकडून एकदा तयार करवून घ्यावेत. गावच्या दवाखान्याने त्यांत खर्चाचे आकडे व पत्ते भरावेत, एवढेच. आणि असा कागद दिलेला असला, तर 'आम्हांला कोणी सांगितलेच नाही' हा जो आरोप आज वैद्यांना वारंवार ऐकावा लागतो आणि जो त्यांच्या मनाला कुरतडतो, त्याच्यापासून त्यांचाही बचाव होईल.

आपल्या प्रतिनिधी-सभेची बैठक वर्षातून दोनदा भरते. येत्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत ही दुरुस्ती घ्यावी आणि ती फेटाळली गेल्यास कोणत्या कारणास्तव, ते लेखी कळवावे, अशी विनंती आहे. दरम्यान पिओरिया, ब्लूमिंग्टन आणि शिकागो येथील मराठी मंडळींना माझे सांगणे आहे, की डॉक्टरांनी 'लक्ष ठेवू' असे म्हटल्यावर खुर्चीवरून उठू नये. कशावर, किती दिवस आणि कोणाच्या साहाय्याने, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर लिहून मागावे.



आपला,
पिओरिया येथील एक मराठी गृहस्थ